फुकटची १६० एकर जमीन आणि माळावरचे पहिले वर्ष

रानवाट (प्रश्न)

नमस्कार. गेले काही आठवडे मी अमेरिकेच्या गवताळ प्रदेशात, म्हणजे नेब्रास्का, कॅन्सस आणि डकोटा या भागांत, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वस्ती करायला गेलेल्या पहिल्या पिढीच्या शेतकऱ्यांविषयी मिळेल ते वाचत आहे. या वाचनाला निमित्त झाले ते एका छायाचित्राचे. सॉलोमन बुचर या छायाचित्रकाराने १८८६ मध्ये नेब्रास्कातील कस्टर काउंटीत सिल्व्हेस्टर रॉडिंग याच्या कुटुंबाचे ते टिपले आहे. मातीच्या ढेपांचे बुटके घर, घरापुढे बसलेली माणसे, मध्ये एक टेबल, टेबलावर कलिंगड, आणि मागे थेट छपरावर निवांत उभी असलेली एक गाय. चेहऱ्यांवर हसू नाही, परंतु दैन्यही दिसत नाही. या घराकडे अभिमानाने पाहावे की कीव करावी, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

लिंकन यांनी २० मे १८६२ रोजी सही केलेल्या होमस्टेड कायद्यानुसार एकवीस वर्षांच्या कोणाही व्यक्तीला किंवा कुटुंबप्रमुखाला १६० एकर सरकारी जमिनीवर हक्क सांगता येत असे. त्यासाठी तो नागरिक असावा किंवा नागरिक होण्याचा इरादा त्याने जाहीर केलेला असावा, अशी अट होती. पाच वर्षे तिथे राहून जमीन कसली की ती नावावर होई. असे असताना असंख्य लोक पाच वर्षे पुरी होण्याआधीच निघून गेले, असेही वाचनात आले. माझा प्रश्न असा की, रिकाम्या माळावर गाडीतून सामान उतरवल्यानंतरचे पहिले वर्ष प्रत्यक्षात कसे निघत असे? राहायचे कुठे, जाळायचे काय, खायचे काय, आणि शेवटी टिकणारा व परतणारा यांच्यात नेमका फरक कोणता होता? जाता जाता, ती गाय छपरावर कशी चढली हेही कोणी सांगितल्यास आभारी राहीन.

मृद्गंध

आपण ज्याला रिकामा माळ म्हणता तो मुळांनी गच्च भरलेला होता, आणि पहिल्या वर्षाची बहुतेक कहाणी त्या मुळांचीच आहे. तिथल्या गवताची मुळे कित्येक फूट खोल जातात आणि वरच्या काही इंचांत त्यांची वीण इतकी घट्ट असते की साधा नांगर तीत शिरत नाही. शिरलाच तर चिकट माती फाळाला धरून बसते आणि दर काही पावलांना थांबून ती खरवडावी लागते. जॉन डीअर याने १८३७ मध्ये इलिनॉयमध्ये गुळगुळीत पोलादी नांगर घडवला तो या चिकट मातीवरचा उपाय म्हणूनच. तरीही माळ पहिल्यांदा फोडायला लांब आणि बसक्या बांधणीचा वेगळा नांगर लागे, आणि त्याला बैलांच्या दोन-तीन जोड्या जुंपाव्या लागत. वेळही साधावी लागे. वसंताच्या अखेरीस गवत जोमात असताना उलथलेली जमीन नीट कुजते; चुकीच्या वेळी फोडलेली जमीन पुन्हा गवतच धरते.

नांगराने निघालेली हीच ढेप म्हणजे घराची वीट. लाकूड फक्त ओढ्यानदीच्या काठाला, तेही थोडेच. दगड नाही, आणि विटा भाजायला जळण नाही. म्हणून साधारण एक फूट रुंद आणि चार इंच जाड अशी सलग पट्टी नांगराने काढून कुदळीने तिचे तीन-तीन फुटांचे तुकडे करत. एकेक तुकडा पन्नास पौंडांच्या आसपास भरत असे. गवताची बाजू खाली ठेवून, सांधे चुकवून, दोन किंवा तीन तुकडे रुंदीची भिंत रचत, आणि ठरावीक थरांनंतर एक थर आडवा घालत, म्हणजे भिंत बांधली जाई. ज्या दिवशी जेवढे रचायचे तेवढेच कापायचे, हा नियम होता, कारण रात्रभर वाऱ्यावर राहिलेली ढेप सुकून भुगा होते. खिडकीच्या चौकटीवर काही इंच पोकळी सोडून तीत चिंध्या किंवा गवत कोंबत. पुढच्या काही महिन्यांत भिंत आपल्या वजनाने खाली बसते, आणि ही पोकळी नसेल तर काच फुटते. हे बारकावे कोणत्याही शाळेत शिकवलेले नव्हते. शेजाऱ्याची फुटलेली काच पाहूनच ते शिकावे लागत असावेत, असे मला वाटते.

नेब्रास्कातील एका संग्रहालयाने आवारात उभारलेल्या अशा घरात मी काही वर्षांपूर्वी गेलो होतो. बाहेर जुलैचे ऊन होते आणि आत माठाला हात लावावा तसा गारवा. खिडकीच्या कोनाड्यात हात घातला तर कोपरापर्यंत आत गेला आणि तरी काच लागली नाही. हिवाळ्यातही अशी भिंत ऊब धरून ठेवते. छप्पर मात्र या घराचा शत्रू. आढ्यावर फांद्या, त्यांवर वाळके गवत आणि त्यावर पुन्हा ढेपा, असे ते रचलेले असे, आणि पाऊस थांबल्यानंतरही आत चिखल टपकत राही. छताखाली मलमलीचे किंवा जाड कापड ताणून बांधत. ते पडणारी माती अडवी, उंदीर अडवी आणि कधीमधी सापही अडवी.

जळणासाठी सुरुवातीला रानशेणी. बायसनचे, म्हणजे अमेरिकी रानगव्यांचे, कळप संपत आले तरी त्यांचे वाळलेले शेण माळभर पसरलेले होते, आणि ते संपल्यावर गाईबैलांचे. सुरुवातीला चिमट्याने उचलणाऱ्या बायका पुढे उघड्या हाताने ते गोळा करून त्याच हाताने कणीक मळू लागल्या, अशा आठवणी अनेकींनी लिहून ठेवल्या आहेत. रानशेणीही नसतील तेथे गवताला पीळ देऊन त्याच्या मुठीएवढ्या जुड्या करत. त्या जुड्या काही मिनिटांत जळून जात, म्हणून थंडीच्या दिवसांत घरातले एक माणूस केवळ पीळ देण्याच्याच कामाला बसलेले असे.

पहिले पीक मक्याचे. नव्या उलथलेल्या ढेपेत कुऱ्हाडीने चीर पाडायची, तीत दाणे टोकायचे आणि टाचेने चीर दाबून बंद करायची. कणसे आखूड येत, पण येत. भोपळा, कलिंगड अशा वेलींनाही ही नवी जमीन मानवत असे. गहू वगैरे नीट पेरायचा तो दुसऱ्या वर्षी, ढेप कुजल्यावर. तोवर मक्याचे पीठ, ससे, माळावरची पाखरे, आणि कॉफीच्या नावाखाली भाजलेल्या धान्याचा काढा.

हिशेबनीस

मृद्गंध यांचे वर्णन उत्तम आहे, परंतु 'टिकणारा कोण' या प्रश्नाचे उत्तर ढेपेत सापडत नाही, ते हिशेबाच्या वहीत सापडते. जमीन फुकट होती हे कागदापुरते खरे. अर्ज करताना १२ डॉलर आणि शेवटी दाखला घेताना ६ डॉलर, असे एकूण १८ डॉलर सरकारदरबारी जात. पण बैल, नांगर, गाडी, चूल, बियाणे, दोन खिडक्यांच्या काचा, विहीर आणि पहिले पीक हाती येईपर्यंतचा दाणागोटा, हे सारे विकत घ्यायचे म्हटले की खर्च काही शे डॉलरांवर जाई. ज्याच्याकडे एवढे पैसे होते त्याला फुकट जमिनीची फारशी गरज नव्हती, आणि ज्याला गरज होती त्याच्याकडे पैसे नव्हते. ही गोम ध्यानात घेतल्याशिवाय पुढचे काहीच उलगडत नाही.

म्हणूनच पहिली दोन-तीन वर्षे बहुतेक पुरुष शेतकरी कमी आणि मजूर अधिक असत. रेल्वेच्या भरावावर, पूर्वेकडच्या जुन्या शेतांत कापणीला, मालवाहू गाड्यांवर, जिथे रोख मजुरी मिळेल तिथे ते जात. कायद्यानेही हे एका परीने गृहीत धरले होते. सलग सहा महिन्यांहून अधिक काळ जमीन सोडून राहिल्यास हक्क जाई. त्याहून कमी काळ बाहेर राहिल्यास तो शाबूत राही. माळावर विखुरलेली बायसनची हाडे गोळा करून रेल्वे स्थानकावर विकणे, हाही पहिल्या वर्षांतला ठरलेला धंदा होता. ती हाडे पूर्वेकडच्या खतांच्या आणि साखरशुद्धीच्या कारखान्यांत जात. ज्या जमिनीतून अजून एक दाणाही निघाला नव्हता तिचे पहिले रोख उत्पन्न म्हणजे ही हाडे.

सर्वच जण पाच वर्षे थांबण्यासाठी आलेले नव्हते, हेही लक्षात घ्यावे. सहा महिने राहिल्यानंतर एकरी सव्वा डॉलर, म्हणजे १६० एकरांना २०० डॉलर भरून जमीन तत्काळ नावावर करून घेण्याची सोय कायद्यात होती. नावावर झालेली जमीन गहाण टाकता येई किंवा विकता येई. मराठी वाचकाला चांगले परिचित असलेले जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर १८८६ मध्ये कॅन्ससच्या नेस काउंटीत असेच ढेपांचे घर बांधून राहिले होते. सतरा एकर जमीन त्यांनी फोडली, मका लावला, झाडे लावली, आणि दोन वर्षांनी ३०० डॉलरांचे कर्ज काढून ते शिक्षणासाठी तिथून निघाले. नोंदवहीच्या भाषेत हा 'सोडून गेलेला' माणूस. त्यामुळे परतलेला प्रत्येक जण हरलाच, असे मी तरी म्हणणार नाही. आपल्या छायाचित्राचा कर्ता बुचर हाही मुळात शेतकरी व्हायलाच आला होता; काही दिवसांतच त्याला आपला पिंड ओळखू आला आणि त्याने जमिनीवरचा हक्क सोडला.

बनवाबनवीही होती. जमिनीवर राहून ती कसल्याचे दोन साक्षीदारांनी शपथेवर सांगितले म्हणजे काम होई. बारा बाय चौदाचे घर आहे अशी शपथ घ्यायची आणि फूट की इंच ते सांगायचे नाही, असे किस्से त्या काळापासून सांगितले जातात. एकंदरीत या कायद्याखाली सुमारे १६ लाख दावे मंजूर झाले आणि सुमारे २७ कोटी एकर जमीन वाटली गेली.

आणखी एक बाब, जी या विषयावरच्या गप्पांत नेहमी सुटते. त्याच १८६२ साली रेल्वे कंपन्यांनाही मार्गालगतच्या जमिनी देण्याचा कायदा झाला. त्यामुळे स्थानकाजवळची जमीन पुष्कळदा रेल्वेची, विकतची. फुकटची जमीन दूरची. गव्हाची गाडी वीस मैल हाकत न्यायची तर दोन दिवस त्यातच गेले. १८७४ मध्ये रशियातून कॅन्ससमध्ये आलेल्या मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाच्या शेतकऱ्यांनी हे गणित मांडून रेल्वेकडूनच जमीन विकत घेतली. त्यांनी सोबत आणलेला हिवाळी गव्हाचा वाण पुढे त्या राज्याचे मुख्य पीक ठरला.

रानवाट

दोघांचेही मनःपूर्वक आभार. हाडांचा तपशील वाचून थोडा वेळ थांबलो. एक उपप्रश्न विचारतो. पुरुष मजुरीला गेल्यावर मागे जमिनीवर राहून कायद्याची अट पुरी करणारी व्यक्ती म्हणजे बायकोच, नाही का? मग तिचे नाव कागदावर कुठे येई?

अंगणवेल

बहुधा कुठेच नाही. अविवाहित, विधवा किंवा कुटुंबप्रमुख असलेल्या स्त्रीला स्वतःच्या नावाने दावा करता येई, आणि १८६२ च्या मानाने ही गोष्ट लहान नव्हती. काही भागांत दर दहा दावेदारांमागे एखादी स्त्री असे. दोघी बहिणींनी शेजारशेजारच्या जमिनी घेऊन सामाईक रेषेवर एकच घर बांधायचे आणि प्रत्येकीने आपापल्या बाजूला झोपायचे, अशी उदाहरणेही आहेत. विवाहित स्त्रीला मात्र हक्क नव्हता. नवरा वारला तरच दावा तिच्याकडे येई.

घर चाले ते मात्र तिच्याच जिवावर. गहू वर्षातून एकदा विकायचा, तोही पिकला तर. लोणी आणि अंडी दर आठवड्याला दुकानात जात आणि त्यांच्या बदल्यात मीठ, साखर, दोरा, रॉकेल येई. पाण्याचे काम तर विचारूच नका. उंच पठारावर विहीर शंभर-दोनशे फूट खोल जाई आणि ती हातानेच खणायची. तोवर मैलोन्‌मैल जाऊन पिंपे भरून आणायची आणि एकाच पाण्यात आधी भांडी, मग फरशी, मग रोपे, असा त्याचा वापर करायचा. मृद्गंध यांनी ज्या खोल कोनाड्यात हात घातला, त्याच कोनाड्यांत या बायका पत्र्याच्या डब्यांतून जिरेनियम लावत. बुचरच्या अनेक छायाचित्रांत ही फुले खिडकीत दिसतात.

एकटेपणाविषयी खूप लिहिले जाते, परंतु त्याचे कारण माळात शोधले जाते आणि कायद्यात शोधले जात नाही. १६० एकरांचा चौरस म्हणजे अर्धा मैल लांब आणि अर्धा मैल रुंद. प्रत्येकाने आपापल्याच चौरसात राहिले पाहिजे अशी अट घातली की गाव वसूच शकत नाही. शेजारी अर्ध्या मैलावर, तोही पलीकडचा दावा कोणी घेतला असेल तर. हिशेबनीस यांनी ज्या मेनोनाइट लोकांचा उल्लेख केला, त्यांतील काहींनी जमीन विकत घेतल्यामुळे सुरुवातीला जवळजवळ घरे बांधून वस्ती केली होती. इतरांना ती मुभा नव्हती. १२ जानेवारी १८८८ च्या हिमवादळात याची किंमत दिसली. सकाळ उबदार होती, मुले हलक्या कपड्यांत शाळेत गेली, आणि दुपारी समोरचा हात दिसणार नाही असे वादळ येऊन आदळले. मृतांचा आकडा २३५ धरला जातो आणि त्यांत शाळेतून घरी निघालेली मुले बरीच होती. जवळचे घर अर्ध्या मैलावर असणे म्हणजे काय, ते त्या दुपारी कळले. घर आणि गोठा यांच्यामध्ये दोर बांधून ठेवण्याची रीत होती ती अशाच वादळांसाठी.

पूर्वपक्ष

चर्चा वाचली. 'पहिल्या पिढीचे शेतकरी' या शब्दांना माझी हरकत आहे, आणि ती केवळ शब्दापुरती नाही. नेब्रास्कातील लूप आणि प्लॅट नद्यांच्या काठी पॉनी या मूळ रहिवासी जमातीचे लोक कित्येक पिढ्या मका, घेवडा आणि भोपळा पिकवत होते. शेती बायका करत, बायसनच्या खांद्याच्या हाडाचे खोरे वापरत, आणि ती नदीकाठच्या भुसभुशीत जमिनीतच करत. वरचा माळ त्या कधी उकरायला गेल्या नाहीत. राहायला मातीने लिंपलेली मोठी गोल घरे होती आणि वर्षातून दोनदा सारे गाव बायसनच्या शिकारीला माळावर जाई. म्हणजे मातीचे घर आणि मक्याचे शेत या दोन्ही गोष्टी तिथे आधीपासून होत्या. १८५७ च्या तहाने पॉनींना लूप नदीकाठच्या एका राखीव पट्ट्यात आणले गेले आणि १८७० च्या दशकाच्या मध्यास तेथूनही दक्षिणेला, आजच्या ओक्लाहोमात, हलवले गेले. माळ रिकामा नव्हता, तो रिकामा करण्यात आला होता, आणि वर ज्या हाडांचे पहिले रोख उत्पन्न सांगितले तीही त्याच रिकामे करण्यातली आहेत.

टिकण्याविषयीही या आधीच्या शेतीतून काही कळते. पॉनी बायका नदीकाठ का सोडत नव्हत्या, याचे उत्तर पावसात आहे. जॉन वेस्ली पॉवेल या भूशास्त्रज्ञाने १८७८ च्या अहवालात सरकारला स्पष्ट सांगितले होते की शंभराव्या पश्चिम रेखांशाच्या आसपास वार्षिक पाऊस वीस इंचांच्या खाली उतरतो आणि त्याच्या पश्चिमेला केवळ पावसावरची शेती भरवशाची नाही. चराईच्या कुरणासाठी १६० नव्हे तर २५६० एकर द्यावेत, असे त्याचे म्हणणे होते. ते कोणी ऐकले नाही, कारण त्याच सुमारास नांगर चालला की पाऊस त्याच्यामागे येतो, असा सिद्धान्त जमीन विकणाऱ्यांच्या सोयीचा ठरत होता. १८८० च्या दशकात पाऊस बरा झाला आणि सिद्धान्त खरा वाटला. १८९० आणि १८९४ च्या दुष्काळांनी तो धुळीस मिळवला. कस्टर काउंटी जवळजवळ त्याच रेषेवर आहे. तेव्हा टिकणारा व परतणारा यांतला फरक पुष्कळदा एवढाच होता की, कोण कोणत्या साली आला आणि रेषेच्या किती पूर्वेला उतरला.

१८७४ ची टोळधाड हेही असेच. त्या उन्हाळ्यात रॉकी पर्वतातल्या टोळांनी डकोटापासून टेक्सासपर्यंत पिके फस्त केली. कांद्यांच्या जागी जमिनीत नुसती भोके उरली, आणि घामाने खारट झालेल्या कुदळीच्या दांड्याही कुरतडल्या गेल्या. त्या वर्षी सरकारने लष्कराकडचे जादा कोट आणि बूट वाटले, आणि टोळग्रस्तांना हक्क न गमावता काही काळ जमीन सोडून जाण्याची सवलत दिली. पुढे तीस वर्षांच्या आत तो टोळच नामशेष झाला. जिवंत टोळाची शेवटची नोंद १९०२ ची आहे. डोंगरपायथ्याच्या ज्या मोजक्या खोऱ्यांत तो अंडी घालत असे ती नांगराखाली गेल्यामुळे असे झाले, हे स्पष्टीकरण मला पटते.

मृद्गंध

पूर्वपक्ष यांची हरकत मान्य. 'मुळांनी भरलेला' म्हणताना मीही माणसे विसरलो होतो.

गायीचे उत्तर राहून गेले. अशी अनेक घरे टेकडीच्या उतारात अर्धी खणून काढलेली असत आणि फक्त पुढची भिंत ढेपांची रचत, त्यामुळे मागचा उतार आणि छप्पर एकाच पातळीत येई. छपरावरचे गवत ताजे, आणि गायीला घर आणि टेकडी यांतला फरक कळण्याचे कारण नाही. रॉडिंग यांची गाय छपरावर चढलेली नाही, ती टेकडीवरून चालत आलेली आहे. कधी कधी अशी गाय छपरातून थेट खाली चुलीपाशी येई, असेही किस्से आहेत.

रानवाट

म्हणजे छायाचित्र काढताना घरात कोणी नव्हते, हे बरेच झाले म्हणायचे. आता चित्र पुन्हा उघडून पाहिले. टेबलावरच्या कलिंगडाला मी इतके दिवस सणासुदीची चैन समजत होतो. नव्या फोडलेल्या जमिनीला वेली मानवतात हे वर वाचल्यावर लक्षात आले की, त्यांच्याकडे पाहुण्यापुढे ठेवण्यासारखे भरपूर असे बहुधा तेवढेच असावे.